वडील हयात असल्यास

वडील (योग्य त्या चौकोनात खूण करा)

पाल्मितासची मुलं कॉलेजचा फॉर्म भरताना बापाला मारून टाकायची. त्यात कुणाला पाप वाटत नसे. बाप जिवंत असला की फॉर्म त्याचं नाव विचारतो, नावामागून पगार विचारतो, पगारामागून पगाराची चिठ्ठी मागतो, आणि चिठ्ठीवर निघतं भलत्याच कुणाचं नाव. कारण ज्याच्याकडे या देशात राहायचे कागद नाहीत त्याला संत्री निवडून भरायच्या शेडमध्ये काम हवं असेल तर कागदवाल्या कुणाचं तरी नाव भाड्याने घ्यावं लागतं. मग त्या नावाच्या माणसाला ही एवढी मोठी मुलगी कुठून आली? त्यापेक्षा ‘मयत’ या शब्दापुढच्या चौकोनात खूण केली की फॉर्म गप्प बसतो. मेलेल्याला पगार विचारायची अजून पद्धत नाही.

त्यामुळे फ्रेस्नो शहराच्या दक्षिणेच्या या एवढ्याशा गावात कागदोपत्री बापांची मोठी मर होऊन गेली होती. मेलेले बाप संध्याकाळी डबा हलवत घरी यायचे, दारात बूट काढायचे, आज काय रांधलंय म्हणून विचारायचे. रविवारी चर्चच्या आवारात एकमेकांच्या पाठीवर थाप मारून म्हणायचे, "काय रे, पोरगी लागली ना कॉलेजात? मग तू कधी गेलास?"

"गेल्याच महिन्यात. त्रास नाही झाला काही."

देल्फिना बाउतिस्ताने आपल्या बापाला, फाउस्तीनोला, असंच मारलं होतं. फरक एवढाच की तिच्या फॉर्मवर कुणाचं तरी लक्ष गेलं. आर्थिक मदतीच्या खिडकीमागे बसणाऱ्या हॉलिसबाई फार कनवाळू. त्यांनी घरी सांत्वनाचं कार्ड पाठवलं. वर पांढरी लिलीची फुलं, आत त्यांच्या हाताने लिहिलेल्या ओळी.

फाउस्तीनोने ते जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचलं. "‘तुमच्या दुःखात आम्ही सगळे सहभागी आहोत.’ बघ ओबदुलिया. शेडमध्ये इतकी वर्षं काढली, कुणी एवढं बोललं का?"

ओबदुलियाने कार्ड त्याच्या हातातून ओढलं, शेगडीवर धरलं आणि राख नळाखाली सोडली. "घरात जिवंत माणूस बसलाय आणि याला थट्टा सुचते."

"जिवंत कुठे? विचार की तुझ्या लेकीला."

सगळे हसले. देल्फिनाही हसली.

वाक्याचे मसुदे

कॉलेजात दुसऱ्या वर्षी देल्फिनाला प्रवेशाच्या खिडकीवर काम मिळालं. बिनकागदाच्या मुलीला पगार देता येत नाही, म्हणून पगाराला शिष्यवृत्ती म्हणायचं ठरलं. त्याच वर्षी कॉलेजने फॉर्म बदलायला समिती नेमली. बिनकागदाच्या मुलांना फॉर्म बघून भीती वाटू नये, आपलंसं वाटावं, असा समितीचा हेतू. हॉलिसबाई प्रमुख. देल्फिना ‘विद्यार्थ्यांचा आवाज’. कॉलेजचा वकील व्हिडिओ-कॉलच्या पडद्यावर.

प्रश्न वडिलांच्या चौकोनापाशी अडला.

वकिलाचा मसुदा: अर्जदाराने पालकांच्या उत्पन्नाविषयी दिलेली माहिती लागू तरतुदींच्या अधीन राहील.

हॉलिसबाईंचा मसुदा: आम्हाला तुमच्या कुटुंबाची गोष्ट सांगा! (शेजारी फुलपाखरू.)

वकिलाचा, सुधारित: वरीलप्रमाणेच, पण फुलपाखरू ठेवून.

मग सगळ्यांनी देल्फिनाकडे पाहिलं. तिने कार्डाची हकीकत सांगितली. लिलीची फुलं, शेगडी, राख, सगळं. सांगताना ती हसत होती, ऐकणारं मात्र कुणी हसत नव्हतं. हॉलिसबाईंनी चष्मा काढून बाजूला ठेवला. "ते जिवंत आहेत?" त्या म्हणाल्या. "मी तर त्यांच्यासाठी मेणबत्ती लावली होती."

देल्फिनाने तिथेच, नाश्त्याच्या ताटाखालचा कागदी रुमाल ओढून घेतला आणि त्यावर लिहिलं.

देल्फिनाचा मसुदा: तुमचे वडील हयात असतील तर त्यांना जिवंत लिहा. कामावर त्यांचं नाव वेगळं असेल तर तेही लिहा. ही माहिती फक्त तुमच्या मदतीसाठी वापरली जाईल.

पडद्यावरचा वकील बराच वेळ काहीतरी बोलत होता. त्याचा आवाज बंद होता. "छान, ते ईमेलने पाठवा," हॉलिसबाई त्याला म्हणाल्या, आणि वाक्य मंजूर झालं.

देल्फिनाने आणखी एक गोष्ट मागून घेतली. कागद कमी पडला की ऑफिस मुलांना परत पाठवतं, मुलं घरी जातात, बापाचा एक दिवस बुडतो, कागद मिळत नाही आणि मूल पुन्हा येत नाही. हे बंद करा, ती म्हणाली. कागद हवा असेल तर ऑफिसने धावपळ करावी, मुलांनी नाही. हेही मंजूर झालं. टाळ्या वाजल्या. त्या दिवशी देल्फिना बसची वाट न बघता चालतच घरी निघाली आणि संत्र्यांच्या बागांमधून जाताना तिला आपण उंच झाल्यासारखं वाटत होतं.

अर्जदार: बाउतिस्ता, ब्रिसेइदा

रविवारची दुपार. टेबलावर तामाले ज्यात उकडतात ती मक्याची सालं, सालांच्या ढिगाशेजारी लॅपटॉप. धाकटी ब्रिसा फॉर्म भरत होती. तिला नर्सिंगला जायचं होतं. हे तिने इतक्या लहानपणापासून ठरवलं होतं की घरातल्या प्रत्येकाच्या बोटावर तिची कधी ना कधी पट्टी बांधून झाली होती.

"मला मार आणि पुढे जा," फाउस्तीनो म्हणाला. "देल्फिनाने मारलं तेव्हा दुखलं का मला?"

"आता तसं नाही अपा," देल्फिना म्हणाली. "फॉर्म नवा आहे. मी लिहिलाय."

"तू लिहिलायस म्हणून तर धास्ती वाटते."

"मी नाही हं मारणार," ब्रिसा म्हणाली. "एउसेबिओमामाला त्याच्या पोराने मारलं आणि त्याच वर्षी मामा शिडीवरून पडला."

"पडला तो बिअर पिऊन चढला म्हणून," ओबदुलिया म्हणाली. "फॉर्मने पाजली का त्याला?"

"तरी पण अमा. उगाच कशाला?"

फाउस्तीनो साल चिवडत राहिला. शेडमध्ये तो राउल मोन्तेस. शीतघरात फोर्कलिफ्ट चालवायचा, सगळ्या शेडमध्ये हेवा वाटावा असं काम. उन्हात जायचं नाही, वाकायचं नाही. राउलचा वाढदिवस मार्चमध्ये शेडवाले करायचे, फाउस्तीनोचा फेब्रुवारीत घरचे. ओबदुलिया म्हणायची, दोनदा वय वाढतं म्हणून तर गुडघे लवकर गेले. विजेचं बिल मेहुणीच्या नावावर, गाडी शेजाऱ्याच्या नावावर, पगार राउलचा. त्याचं खरं नाव या देशात फक्त बायकोने हाक मारण्यापुरतं उरलं होतं, आणि ती तरी कुठे रोज मारायची.

"लिहिलं तर जाणार कुठे ते?" त्याने विचारलं.

"आमच्या ऑफिसात. हॉलिसबाईंकडे."

"ती फुलंवाली?"

"तीच."

"मग लिहा. तिला कळू दे, मी बरा झालो म्हणून."

ब्रिसाने अक्षरं दाबली आणि लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. फाउस्तीनोने हात पँटला पुसले, ओळीखाली बोट धरलं. फाउस्तीनो बाउतिस्ता सालीनास. बापाकडचं आडनाव, आईकडचं आडनाव, काही गळलेलं नाही.

"मोठं करता येतं का?"

ब्रिसाने मोठं केलं.

"अजून."

तिने अजून केलं. शेवटी नाव पडद्यात मावेना, नुसतं ‘बाउतिस्ता’ उरलं, तेही अर्धं. फाउस्तीनो त्या अर्ध्याकडेच बघत बसला. ओबदुलिया उठून भांडी आवरायला लागली, कारण तिला त्याच्या तोंडाकडे बघवेना.

"आता खाली कामावरचं नाव," ब्रिसा म्हणाली.

"तोही लिहायचा? बरं, लिही. बिचारा कमावतो तर तोच."

फक्त कार्यालयीन उपयोगासाठी. अर्जदाराने या भागात काही लिहू नये.

हे घडलं तेव्हा देल्फिना रसायनशास्त्राच्या वर्गात होती. तिला ते दोन तोंडांनी कळलं. एक तोंड हॉलिसबाईंचं, दुसरं तिबुर्सिओचं. तिबुर्सिओ शेडचा मुकादम आणि फाउस्तीनोचा जुना दोस्त.

हॉलिसबाई: मदतीचा अर्ज पाठवायची मुदत जवळ आली होती आणि तुझ्या बहिणीच्या वडिलांच्या पगाराचं पत्र नव्हतं. मुलीला त्रास द्यायचा नाही हे आपलंच ठरलेलं. म्हणून मीच शेडला फोन लावला.

तिबुर्सिओ: शेडच्या ऑफिसातली पोरगी हाताने चिप्स खात होती म्हणून फोन स्पीकरवर. मालकाचा पोरगा सहीला आलेला. आणि विम्याचा माणूस खुर्चीवर. तो आमचा नाही, बाहेरचा.

हॉलिसबाई: मी स्पॅनिशमध्ये बोलले. सराव आहे मला. म्हटलं, मला फाउस्तीनो बाउतिस्तांच्या पगाराचं पत्र हवंय.

तिबुर्सिओ: पोरगी म्हणाली, या नावाचं कुणी नाही. देवाशप्पथ सांगतो, बाई तिथेच थांबली असती ना, तर आज तुझा बाप फोर्कलिफ्टवर असता.

हॉलिसबाई: मग माझ्या लक्षात आलं की ते त्यांना दुसऱ्या नावाने ओळखतात. फॉर्म समोरच होता. मी समजावून सांगितलं.

तिबुर्सिओ: समजावून सांगितलं! दोन्ही नावं. अक्षर अक्षर फोडून. पोरगीने स्पीकर बंद करायला हात पुढे केला तर बटणाला चिप्सचं तेल लागलेलं, हात घसरला.

हॉलिसबाई: मी म्हटलं, असा कामगार तुम्हाला मिळाला हे तुमचं भाग्य. एक मुलगी आमच्याकडे शिकते, दुसरी नर्स होणार. पलीकडे एकदम शांत झालं. मला वाटलं, भारावून गेले.

तिबुर्सिओ: विम्याचा माणूस खिडकीबाहेर बघायला लागला. बाहेर काही नव्हतं बघण्यासारखं.

राउल मोन्तेसचं सामान

तिबुर्सिओ संध्याकाळी घरी आला. पिशवीत फाउस्तीनोचे हातमोजे, थर्मास, फोर्कलिफ्टच्या सीटवरची गादी. ओबदुलियाने कॉफी विचारली, तर नको म्हणाला. त्या घरात त्याने कॉफीला नको म्हटल्याचं कुणाला आठवत नव्हतं. फाउस्तीनो दुपारपासूनच खुर्चीत बसून होता. त्याला मधल्या सुट्टीतच घरी पाठवलं होतं.

"मालकाला काय आज कळलं का हे?" देल्फिना म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "तिबुर्सिओकाका, खरं सांगा. माहीत नव्हतं त्याला?"

"पोरी, त्याच्या कुत्र्याला माहीत होतं. शेडमध्ये फाउस्तीनो म्हणून हाक मारली तर निम्मी लाइन मागे वळून बघते. माहीत असण्याचं काही नाही. माहीत सगळ्यांना असतं. पण आजपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं."

"म्हणजे?"

"म्हणजे आता सांगितलंय. परक्या माणसासमोर, कॉलेजातून, नावानिशी. आता मालक माहीत नाही असं म्हणणार कसा? म्हणायला जागाच ठेवली नाही बाईने."

"मग तो दुसऱ्या नावाने येईल. दुसरं नाव बघू."

"नाव दुसरं मिळेल गं. तोंड कुठून आणायचं?" तिबुर्सिओने टोपी काढून पुन्हा घातली. मग फाउस्तीनोकडे न बघता म्हणाला, "लाइनवर एक जागा आहे. फळं निवडायची. मोठीला पाठव."

"मोठी कॉलेजात आहे," फाउस्तीनो म्हणाला.

"मग धाकटीला."

"तीही जाणार आहे."

"जाणार आहे ना? गेलेली नाही ना अजून?"

भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचा टीव्ही चालू होता, त्यात लोक कशाला तरी टाळ्या वाजवत होते.

"कधी यायचं?" स्वयंपाकघराच्या दारातून ब्रिसा म्हणाली.

"तू आत हो," फाउस्तीनो म्हणाला.

"कधी यायचं, काका?"

"आत हो म्हटलं ना!"

"अपा, घरभाड्यासाठी जाऊ का म्हणून विचारत नाहीये मी. कधी यायचं एवढंच विचारतेय."

तिबुर्सिओने तिला वेळ सांगितली. केस बांधून ये म्हणाला, आणि कानात काही घालू नको. जाताना दारात थांबला. "आणि बेटा, नाव काय सांगायचं ते उद्या ऑफिसातली पोरगी सांगेल. ते पाठ करून ठेव. आणि कॉलेजला आमचा नंबर देऊ नको."

तो गेल्यावर देल्फिना बापासमोर जमिनीवर बसली. तो ओरडेल, ताट फेकेल, निदान तिच्याकडे पाठ करेल, असं तिला वाटत होतं. त्यातलं काही झालं असतं तर बरं झालं असतं.

"त्या बाईने फोनवर माझं नाव नीट सांगितलं का?" फाउस्तीनोने विचारलं. "दोन्ही आडनावं?"

"हो अपा. दोन्ही."

"मग बरं," तो म्हणाला. त्यात टोमणा होता की नाही, हे देल्फिनाला कधीच कळलं नाही. त्याच आठवड्यात तो द्राक्षांच्या छाटणीला जायला लागला, पहाटेच्या धुक्यात, तरण्या पोरांच्या टोळीत. संध्याकाळी आला की जिना चढताना मध्ये थांबायचा आणि चावी शोधतोय असं दाखवायचा.

जागा अपुरी पडल्यास मागच्या बाजूस लिहावे

हॉलिसबाई रडल्या. खरोखर रडल्या, हे सांगितलं पाहिजे. "पण मी तर चांगलंच बोलले," त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. "मी शेडला माफीचं पत्र लिहू का?"

"नको," देल्फिना म्हणाली. "तुमच्या पाया पडते. कुणाला काही लिहू नका."

"मग मी काय करू, सांग."

"ते वाक्य काढा. आणि खालचा, कामावरच्या नावाचा चौकोन."

हॉलिसबाईंनी टिशूच्या डब्यातून एक टिशू स्वतः घेतला, एक तिला दिला. "देल्फिना, ते वाक्य म्हणजे फॉर्मचा प्राण आहे. अर्ज कितीतरी वाढले. दुसरी कॉलेजं आपला नमुना मागतायत. पुढच्या महिन्यात मोठी सभा आहे, तिथे मी हे मांडणार, आणि मला तर वाटत होतं की तू माझ्याबरोबर व्यासपीठावर येशील."

"माझ्या बापाचं काम गेलं."

"मला कळतंय. मला फार, फार वाईट वाटतंय. आपण खाली एक ओळ घालू. बारीक अक्षरात." मग त्यांनी खणातून किराणा दुकानाची कुपनं काढली, अडचणीतल्या विद्यार्थ्यांसाठी ठेवलेली. ती त्यांनी पुढे केली.

ही कुपनं देल्फिनाने त्यांच्या टेबलावर ठेवून ताठ मानेने निघून जायला हवं होतं, असं कुणालाही वाटेल. तिने ती घेतली. घरात तेल संपलं होतं.

कामही सोडलं नाही. सोडलं असतं तर शिष्यवृत्ती गेली असती, आणि त्या घरात आता येणाऱ्या पैशाला नावं ठेवायची सोय नव्हती. ती खिडकीवर बसून राहिली, वर भिंतीवर तिचंच वाक्य, मोठ्या निळ्या अक्षरात, शेजारी फुलपाखरू. एके दिवशी शेजारच्या गावची एक मुलगी आली. नखांत माती, केसांना तेल, हातात फोन. भिंतीवरचं वाचून तिने हळूच विचारलं, "ताई, हे खरंच लिहायचं?"

हॉलिसबाईंचं दार उघडं होतं.

"वडील आहेत?" देल्फिनाने विचारलं.

"आहेत की. बाहेर गाडीत बसलेत."

"नाहीत," देल्फिना म्हणाली.

"ताई, अहो ते बघा, काचेतून दिसतात."

"मला नाही दिसत. तुलाही दिसत नाहीत."

मुलगी तिच्याकडे बघत राहिली. मग तिने मान खाली घातली आणि फोनवर अंगठ्याने खूण केली.

उन्हाळ्याच्या तोंडाशी समितीची बैठक झाली. हॉलिसबाई काळजीत होत्या. वडील गमावलेल्या अर्जदारांचं प्रमाण एकाएकी पुन्हा वाढलं होतं. कारण लक्षात येत नव्हतं. शेतातली विषारी फवारणी असेल, की उष्णता? त्यांनी सुचवलं की अशा मुलांसाठी एक आधारगट सुरू करावा, आठवड्यातून एकदा, सोबत खाऊ. ठराव मंजूर झाला. देल्फिनानेही हात वर केला.

दूरध्वनीवर वाचण्याचा मजकूर. यात बदल करू नये.

ज्यांना प्रवेश मिळाला पण ज्यांनी नाव नोंदवलं नाही अशांना फोन करायचं काम उन्हाळ्यात खिडकीवरच्यांकडे असे. यादी संगणकाच्या पडद्यावर यायची, फोन आपोआप लागायचा, बोलणं ध्वनिमुद्रित व्हायचं. हॉलिसबाई ती मुद्रणं ऐकून सूचना द्यायच्या, अमुक ठिकाणी आवाज आणखी उबदार हवा वगैरे.

ब्रिसाला प्रवेश मिळाला होता. पत्र उघडलं की पडद्यावर रंगीत कागदाचे तुकडे उडायचे. ओबदुलियाने ते शेजारणींना पुन्हा पुन्हा उघडून दाखवलं. ब्रिसा तोपर्यंत लाइनवर होती, आणि एका हाताने फळ फिरवून डाग बघायला शिकली होती. पत्रावर पुढे काही बोलणं झालं नाही. देल्फिना विषय काढायची तेव्हा ब्रिसा झोपलेली असायची, किंवा झोपल्यासारखी.

त्या दिवशी यादीत तिचं नाव आलं. देल्फिनाला पुढे ढकलायला बटण सापडेपर्यंत फोन लागला होता.

"हं, बोल," पलीकडून ब्रिसा. मागे फळांच्या सरकत्या पट्ट्याचा खडखडाट. "काय झालं? अपा बरा आहे ना?"

"नमस्कार. मी कॉलेजच्या प्रवेश विभागातून बोलतेय. आपण ब्रिसेइदा बाउतिस्ता का?"

"देल्फिना?"

"या बोलण्याचं मुद्रण होत आहे."

खडखडाट लांब गेला, ती बाजूला झाली असावी. मग ब्रिसा म्हणाली, "असं होय. हो, मीच ती. इथे मला दुसऱ्याच नावाने ओळखतात, पण बोला तुम्ही. माझी मधली सुट्टी आहे, फार लांबवू नका."

"आपलं आमच्या परिवारात स्वागत करायला आम्ही उत्सुक आहोत. आपण अजून नावनोंदणी केलेली नाही असं दिसतं."

"दिसतं ना? मलाही तसंच दिसतंय."

"ब्रिसा..." देल्फिना म्हणाली. मग घसा साफ करून पुन्हा मजकुरावर आली. "कारण सांगू शकाल का? दुसऱ्या कॉलेजात प्रवेश घेतला. दुसऱ्या गावी स्थलांतर. अभ्यासक्रम पसंत नाही. वैयक्तिक कारण."

"पुन्हा वाचा."

देल्फिनाने पुन्हा वाचलं.

"यात माझं नाहीये," ब्रिसा म्हणाली. "तुम्हीच निवडा त्यातलं. तुम्ही चांगलं निवडता."

देल्फिनाने काहीतरी दाबलं. काय दाबलं ते तिने पाहिलं नाही. "पुढच्या वर्षी पुन्हा विचार करायला आवडेल का?"

"पुढच्या वर्षी अपाच्या गुडघ्याचं बघायचंय. डॉक्टर म्हणतात कापावं लागेल. ते लिहायला जागा आहे?"

"नाही."

"मग राहू द्या." पलीकडे कुणीतरी तिला हाक मारली, एका अनोळखी नावाने, आणि ब्रिसा फोन बाजूला धरून "आले!" म्हणून ओरडली. इतकं सहज, की जन्मापासून तेच तिचं नाव असावं. "झालं का तुमचं?"

"शेवटचा प्रश्न." देल्फिनाने डोळे पडद्यावर ठेवले. "आमच्या नव्या अर्जाच्या फॉर्मबद्दल काही सांगायचं आहे का?"

या वेळी ब्रिसाच्या आवाजात कसलाही खोडसाळपणा नव्हता, रागही नव्हता.

"फॉर्म चांगला होता," ती म्हणाली. "आजवर मी एवढा चांगला फॉर्म भरला नाही. भरताना मला रडू आलं. तसं लिहा."

फोन बंद झाला. देल्फिनाने तसं लिहिलं. पडद्याने विचारलं, हा अभिप्राय प्रसिद्धीसाठी वापरायला हरकत आहे का? तिने ‘हरकत नाही’वर खूण केली, आणि पुढचा नंबर आपोआप लागला.